साठवलेली लहर आणि सॉफ्टवेअरचा रेडिओ

रेडिओ रिसीव्हरचे काम फार काळ येणाऱ्या क्षणाशी बांधलेले होते. अँटेनावर पोहोचलेल्या विद्युतचुंबकीय लहरींमधून हवी ती वारंवारता निवडायची, तिची ताकद वाढवायची, तिच्यावर चढवलेला आवाज किंवा मजकूर उतरवून घ्यायचा आणि मूळ लहर सोडून द्यायची, ही सगळी कामे तारेची वेटोळी, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर यांच्या मंडलांत लहर येत असतानाच उरकावी लागत. कोणी ध्वनिमुद्रण केले तरी ते या प्रक्रियेच्या शेवटी उरलेल्या आवाजाचे असे, लहरीचे नसे. त्यामुळे निवड चुकली, गाळणी अरुंद पडली किंवा शेजारच्या वारंवारतेवर काही अनपेक्षित घडले, तर ते मागाहून तपासण्याची सोय नव्हती. मंडलांची ही कामे संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपवणाऱ्या सॉफ्टवेअर रेडिओने हा क्रम बदलला. लहर आता आकड्यांच्या रूपात फाइलमध्ये साठवता येते आणि ती फाइल, लहर नुकतीच अँटेनावरून येत असावी अशा रीतीने, त्याच किंवा वेगळ्या आज्ञावलीत हवी तितक्या वेळा सोडता येते. रेडिओच्या अभ्यासाला त्यामुळे प्रयोगशाळेची शिस्त आली, कारण एकच निरीक्षण अनेकांना अनेक रीतींनी पडताळून पाहता येणे ही विज्ञानाची पहिली अट असते आणि हवेतून येणारी लहर ती अट स्वतःहून कधीच पाळत नाही.

या विषयाची दोन टोके पुणे जिल्ह्यातच पाहता येतात. जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली जीएमआरटी ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, जिथे आकाशातून आलेली लहर साठवून मागाहून तिच्यावर संस्कार करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. पश्चिमेला मुळशी तालुका आहे. त्याच्या पूर्व कडेला हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपन्या आणि लवळ्याच्या टेकडीवरील शिक्षणसंस्था आहेत, तर पौडच्या पुढे ताम्हिणी घाटाकडे जाताना डोंगरांनी वेढलेली खोरी लागतात. अशा तालुक्यात एखादा विद्यार्थी अंगठ्याएवढा रिसीव्हर आणि लॅपटॉप घेऊन जे करू शकतो, त्यामागचे तत्त्व खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांमागे असलेल्या तत्त्वाहून वेगळे नाही.

सॉफ्टवेअर रेडिओची कल्पना अमेरिकी अभियंते जोसेफ मिटोला यांनी 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नावानिशी मांडली. 2001 मध्ये ग्नू रेडिओ हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प सुरू झाला, ज्यात गाळणी, वारंवारता-बदल, उकल अशा प्रत्येक कामासाठी तयार ठोकळे मिळतात आणि ते पडद्यावर एकमेकांना जोडून संपूर्ण रिसीव्हर रचता येतो. सामान्य माणसापर्यंत ही विद्या पोहोचली ती 2012 च्या सुमारास. संगणकावर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूएसबी उपकरणांतील एका चिपमधून लहरीचे कच्चे आकडे थेट बाहेर काढता येतात, हे तेव्हा हौशी अभ्यासकांच्या लक्षात आले. आरटीएल-एसडीआर या नावाने ओळखली जाणारी ही उपकरणे आज जगभरच्या महाविद्यालयांत वापरली जातात.

लहरीचे आकडे होतात म्हणजे काय होते, हे समजल्याशिवाय फाइलचे मोल कळत नाही. अँटेनातील विद्युतदाब सतत बदलत असतो. ठरावीक आणि अतिशय नियमित अंतराने त्याचे माप घेऊन ते संख्येत लिहिले जाते. अशा प्रत्येक मापाला नमुना म्हणतात आणि एका सेकंदात किती नमुने घेतले, त्या संख्येला नमुनादर. रिसीव्हर आधी आकाशातील पट्ट्याच्या मध्यावर एक वारंवारता निवडतो आणि सारा पट्टा शून्याच्या आसपास खाली उतरवून घेतो. पण असे केल्यावर मध्याच्या वर असलेली लहर आणि तितकीच खाली असलेली लहर एकाच संख्येच्या मापात सारखीच दिसू लागते. हा घोटाळा टाळण्यासाठी प्रत्येक क्षणी एकाऐवजी दोन मापे घेतली जातात. पहिले स्थानिक संदर्भलहरीशी जुळवून घेतलेले असते, दुसरे त्याच संदर्भलहरीला पाव आवर्तन मागे सारून. या जोडीला अभियंते आय आणि क्यू म्हणतात. या दोन संख्यांमधून लहरीची ताकदही कळते आणि तिची कला, म्हणजे आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर ती त्या क्षणी आहे हेही कळते. ताकद आणि कला हाती असली की लहरीबद्दल जाणण्यासारखे त्या पट्ट्यापुरते सारे हाती असते. फाइलमध्ये साठवायचे ते हेच: आय, क्यू, आय, क्यू अशी एकामागून एक लिहिलेली लांबच लांब रांग, जिच्यात सहसा दुसरे काहीही नसते.

मुळशीतून घेता येईल असे एक साधे उदाहरण पाहता येईल. पुणे आकाशवाणीची विविध भारती 101.0 मेगाहर्ट्झवर ऐकू येते. रिसीव्हरचा मध्य 100.2 मेगाहर्ट्झवर ठेवून सेकंदाला 24 लाख नमुने घेतले, तर 99.0 ते 101.4 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा फाइलमध्ये उतरतो. विविध भारती त्यात मध्यापासून 0.8 मेगाहर्ट्झ वर बसलेली असते. मागाहून आज्ञावलीने सगळा पट्टा तेवढाच खाली सरकवला, आजूबाजूचे गाळून टाकले आणि उरलेल्या लहरीच्या वारंवारतेतील चढउतार मोजले, की कार्यक्रम ऐकू येतो. मात्र 98.3 मेगाहर्ट्झवरचे केंद्र या पट्ट्याच्या बाहेर राहिले असल्यामुळे ते या फाइलमधून कधीही, कोणत्याही युक्तीने काढता येणार नाही. आरटीएल-एसडीआर प्रत्येक माप एका बाइटमध्ये लिहितो, म्हणजे एका जोडीला 2 बाइट, सेकंदाला 48 लाख बाइट, मिनिटाला 288 मेगाबाइट आणि तासाला 17 गिगाबाइटहून थोडे अधिक. एफएमच्या लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत प्रवास करतात आणि डोंगराआड क्षीण होतात. म्हणून पुणे शहराला लागून असलेल्या बावधनला घेतलेली एक मिनिटाची फाइल आणि ताम्हिणीच्या बाजूला दरीत घेतलेली तशीच फाइल शेजारी ठेवून पाहिल्या, तर सह्याद्रीची सावली लहरींवर कशी पडते हे घरी बसून, घाई न करता मोजता येते.

ग्नू रेडिओत अँटेनाच्या जागी फाइल जोडण्याचे काम एकाच ठोकळ्याने होते, आणि पुढची सारी रचना तशीच राहते. इथे एक गोष्ट नव्या अभ्यासकाला हमखास चकवते. खऱ्या रिसीव्हरला घड्याळ असते. सेकंदाला 24 लाख नमुने म्हणजे तेवढेच, कमी नाहीत की जास्त नाहीत. फाइलला असे घड्याळ नसते. डिस्कवरून आकडे जितक्या वेगाने वाचता येतील आणि प्रोसेसर जितक्या वेगाने ते पचवू शकेल, तितक्या वेगाने ते धावत सुटतात, आणि दहा मिनिटांची नोंद कधी काही सेकंदांतच संपून जाते, तर संगणक त्या काळात इतर कशालाही दाद देत नाही. पडद्यावर आलेख पाहत अभ्यास करायचा असेल, तर मध्ये वेगाला लगाम घालणारा एक ठोकळा ठेवावा लागतो. परंतु रचनेच्या शेवटी संगणकाचे साउंड कार्ड असेल, तर ते स्वतःच आपल्या गतीने आकडे मागून घेते, आणि त्या वेळी दुसरा लगाम घातला तर दोन घड्याळांच्या ओढाताणीत आवाज तुटू लागतो.

हीच घड्याळ नसण्याची गोष्ट फाइलचे खरे सामर्थ्यही आहे. जिवंत लहरीवर काम करताना संगणक एका क्षणासाठी मागे पडला तरी तेवढे नमुने वाहून जातात, आणि पुढच्या सर्व नमुन्यांची वेळ चुकते. फाइलमधला नमुना मात्र वाट पाहतो. एका सेकंदाच्या लहरीवर विचार करायला संगणकाला एक तास लागत असेल, तरी काही हरवत नाही. त्यामुळे जी गणिते जिवंत लहरीवर करणे परवडणारे नाही ती साठवलेल्या लहरीवर साध्या संगणकालाही करता येतात. दोन निरनिराळ्या गाळण्यांपैकी चांगली कोणती, हे ठरवताना दोघींना अगदी एकच लहर देता येते, जे हवेतून येणाऱ्या लहरीबाबत अशक्य आहे, कारण दुसरी गाळणी जोडेपर्यंत पहिलीने पाहिलेली लहर निघून गेलेली असते. रेडिओचे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक याच कारणाने काही ठरावीक नोंदी जपून ठेवतात आणि आज्ञावलीत बदल केला की प्रत्येक वेळी त्याच नोंदी तिच्यातून काढून जुने उत्तर अजून बरोबर येते का हे तपासतात.

अडचण अशी की आकड्यांची ही रांग मुकी असते. ती कोणत्या नमुनादराने घेतली, तिचा मध्य कुठे होता, प्रत्येक माप किती बाइटचे आहे, ते चिन्हासह आहे की चिन्हाविना, यातले काहीही आकड्यांत लिहिलेले नसते. 24 लाखांच्या दराने घेतलेली फाइल 12 लाखांची समजून वाचली, तर सगळ्या वारंवारता निम्म्या होतात आणि आवाज संथ व जाडा येतो. एका बाइटची मापे चार बाइटच्या दशांश संख्या समजून वाचली, तर पडद्यावर केवळ अर्थहीन गोंधळ दिसतो. सर्वांत फसवी चूक आय आणि क्यू यांची अदलाबदल ही आहे, जी फाइलच्या सुरुवातीचा एक बाइट सुटला तरी होऊ शकते. मग पट्ट्याचे आरशातल्यासारखे उलटे प्रतिबिंब पडते आणि वरच्या उदाहरणातील विविध भारती 101.0 ऐवजी 99.4 मेगाहर्ट्झवर दिसू लागते. कार्यक्रम तरीही व्यवस्थित ऐकू येतो, कारण एफएममध्ये चढउतार उलटे झाले तरी कानाला फरक कळत नाही, आणि म्हणूनच ही चूक बराच काळ लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणून ग्नू रेडिओच्या परिवाराने 2017 च्या सुमारास सिगएमएफ नावाची पद्धत पुढे आणली. तिच्यात आकड्यांच्या फाइलशेजारी मजकुराची दुसरी छोटी फाइल ठेवली जाते, जी माणसालाही वाचता येते आणि संगणकालाही, आणि जिच्यात दर, मध्य, आकड्यांचा प्रकार, नोंदीची वेळ, जागा, अँटेना असा तपशील नेमक्या ठरलेल्या शब्दांत लिहिलेला असतो. फाइलच्या नावातच सगळे कोंबण्याची जुनी सवय त्यामुळे सोडून देण्याजोगी झाली आहे, आणि ती जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

खोडदच्या दुर्बिणीकडे वळले की या सगळ्याचे प्रमाण बदलते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 1990 च्या दशकात उभ्या राहिलेल्या जीएमआरटीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यवर्ती चौकोनात सुमारे एक किलोमीटरच्या टापूत, तर उरलेल्या 16 तीन बाहूंवर अशा पसरल्या आहेत की टोकाच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. प्रत्येक तबकडी लहरीच्या दोन ध्रुवण-दिशा वेगळ्या टिपते, म्हणजे मध्यवर्ती इमारतीत एकूण 60 संकेत येऊन पोहोचतात आणि त्यांची एकमेकांशी तुलना करून आकाशाचे चित्र तयार होते. सुरुवातीला हे काम खास त्यासाठी घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते. पुढे जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उये-ली पेन व जेफ्री पीटरसन या परदेशी खगोलशास्त्रज्ञांच्या साथीने, बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या जाळ्यावर चालणारी सॉफ्टवेअर यंत्रणा बांधली, जिचे वर्णन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. या यंत्रणेत दोन सोयी एकत्र होत्या: ती आलेल्या लहरींवर त्याच क्षणी गणित करू शकत होती, आणि हवे तेव्हा सर्व तबकड्यांचे कच्चे विद्युतदाब डिस्कवर उतरवून ठेवू शकत होती.

कच्चे विद्युतदाब साठवणे किती जड आहे हे साध्या गुणाकाराने कळते. 32 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायला सेकंदाला किमान 6.4 कोटी नमुने लागतात. प्रत्येक नमुना एका बाइटचा धरला तर 60 संकेतांचे सेकंदाला सुमारे 3.8 अब्ज बाइट होतात. दुर्बिणीचे नूतनीकरण झाल्यावर एका वेळी 400 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा टिपता येऊ लागला, आणि याच हिशेबाने तो आकडा सेकंदाला 48 अब्ज बाइट, तासाला सुमारे 173 टेराबाइट एवढा होतो. साहजिकच सारे काही सदैव साठवणे शक्य नसते. बहुतेक निरीक्षणांत लहरींची तुलना आणि सरासरी काढून झाल्यावर उरलेले, कितीतरी पटींनी लहान झालेले आकडेच ठेवले जातात. एकदा सरासरी काढली की लहरीची कला निघून जाते, आणि दळलेल्या पिठाचे पुन्हा धान्य करता येत नाही तसे त्या आकड्यांपासून मूळ लहर परत मिळवता येत नाही.

कला राखून ठेवल्याने काय साधते, हे पल्सारच्या अभ्यासात स्पष्ट दिसते. पल्सार म्हणजे अतिशय घन आणि वेगाने फिरणारा तारा, ज्याचा रेडिओ झोत दर फेरीत एकदा पृथ्वीवरून जातो आणि ठरावीक अंतराने टिकटिक केल्यासारखे स्पंद देतो. या स्पंदाला पृथ्वीपर्यंत येताना ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून यावे लागते, आणि त्यात कमी वारंवारतेचा भाग जास्त रेंगाळतो. खगोलशास्त्रज्ञ वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकूण साठ्याचे जे माप वापरतात ते 50 असेल, तर 500 मेगाहर्ट्झवरचा स्पंद पोहोचल्यानंतर 300 मेगाहर्ट्झवरचा तोच स्पंद सुमारे दीड सेकंदाने पोहोचतो. जो तारा सेकंदात शेकडो वेळा फिरतो, त्याचे स्पंद या विलंबाने पूर्णपणे एकमेकांत मिसळून जातात. पट्ट्याचे बारीक भाग करून प्रत्येकाला वेगवेगळे पुढे सरकवले तर ही भेळ काही अंशी सुटते, पण प्रत्येक भागाच्या आतली विकृती उरतेच. कच्चा विद्युतदाब कलेसह साठवलेला असेल, तर मात्र अवकाशाने लहरीवर केलेला संस्कार गणिताने अगदी उलटा करता येतो आणि स्पंद मुळात जसा होता तसा बारीक परत मिळतो. ही रीत 1970 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ टिमोथी हँकिन्स यांनी विकसित केली. जयंत रॉय आणि भास्वती भट्टाचार्य यांनी 2013 मध्ये जीएमआरटीच्या संकेतांवर तिचा वापर करून, स्पंद चालू असतानाच्या आणि नसतानाच्या क्षणांची आकाशचित्रे वेगळी काढली, त्यांची वजाबाकी केली आणि नव्याने सापडलेल्या पाच मिलिसेकंद पल्सारांची जागा एका विकलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या 3600 व्या भागापर्यंत, निश्चित केली. तारा नेमक्या कोणत्या क्षणी प्रकाशमान आहे हे आधी स्पंदांच्या शोधातून समजून घ्यायचे आणि मग त्या ज्ञानाने त्याच लहरी पुन्हा गाळायच्या, हा उलटा प्रवास निसटत्या लहरींवर करता येत नाही.

कच्ची लहर ठेवली नाही तर काय गमावते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीचे आहे. तिथे जुलै 2001 मध्ये नोंदलेल्या आकड्यांत 2007 मध्ये डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांना काही मिलिसेकंद टिकलेला एक प्रचंड रेडिओ स्फोट सापडला, आणि त्यातून वेगवान रेडिओ स्फोट हे खगोलशास्त्राचे नवे दालन उघडले. फाइल जपली नसती तर हा शोध त्या वेळी लागलाच नसता. पण त्या नोंदीत पट्ट्याचे 96 भाग होते, दर मिलिसेकंदाला प्रत्येक भागासाठी केवळ एक बिट, म्हणजे हो किंवा नाही एवढेच लिहिलेले होते, आणि स्फोट इतका तीव्र होता की दुर्बिणीच्या एका झोतात माप टोकाला जाऊन अडकले. त्या स्फोटाचे ध्रुवण कसे होते, त्याच्या पोटात किती बारीक रचना होती, हे प्रश्न त्या फाइलला विचारता येत नाहीत.

दूरच्या दोन दुर्बिणींच्या लहरी जोडायच्या असल्या तर सहसा साठवणुकीचाच आधार घ्यावा लागतो; 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र, 2017 मध्ये अनेक खंडांवरील दुर्बिणींत डिस्कवर उतरवलेल्या आणि विमानाने एका जागी आणलेल्या लहरींमधूनच घडले.

खोडदने आकाशातल्या ताऱ्यांखेरीज माणसाने पाठवलेला एक संकेतही असाच टिपला आहे. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे शियापरेली हे यान मंगळावर उतरत होते आणि सुमारे 401 मेगाहर्ट्झवर आपला क्षीण संकेत देत होते. हा संकेत खरे तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, परंतु साडेसतरा कोटी किलोमीटर अंतरावरून त्याची वाहक लहर जीएमआरटीने पकडली. त्यातला मजकूर वाचण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. तरी यानाचा वेग बदलला की लहरीची वारंवारता सरकते, आणि पडद्यावरच्या त्या बारीक रेषेच्या सरकण्यावरून उतरण्याचे टप्पे ओळखता येत होते. जमिनीवर टेकण्याची वेळ येण्याआधीच ती रेषा तुटली. मार्स एक्स्प्रेस या यानाने स्वतंत्रपणे केलेली नोंद मागाहून पृथ्वीवर पोहोचली, तेव्हा तिच्यातही संकेत तशाच टप्प्यावर थांबलेला आढळला, आणि दोन नोंदी जुळल्यामुळे दोष ऐकणाऱ्यांचा नव्हता हे स्पष्ट झाले. पुढे साठवलेल्या तपशिलाच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की यानाच्या गतीचे माप घेणारे उपकरण क्षणभर कमाल मर्यादेला अडकले, संगणकाने उंची शून्याखाली गेल्याचे मानले आणि हवाई छत्री सुमारे 3.7 किलोमीटर उंचीवरच सोडून दिली.

खगोलशास्त्रज्ञांना हवी असलेली लहर जितकी क्षीण, तितका पृथ्वीवरचा गोंगाट तिला घातक. जीएमआरटीच्या परिसरात उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या हा या गोंगाटाचा एक मोठा उगम आहे, आणि असे क्षण ओळखून बाजूला काढणारी तंत्रे तिथल्या अभियंत्यांनी दुर्बिणीच्या यंत्रणेतच बसवली आहेत. अशा तंत्राची पारख करण्यासाठी साठवलेली लहर अनमोल ठरते, कारण ठिणगी मागणी करून उडवता येत नाही. एखादे तंत्र ठिणग्यांबरोबर पल्सारचे खरे स्पंदही पुसून टाकत नाही ना, हे पाहायचे तर दोन्ही असलेली एकच नोंद त्यातून पुन्हा पुन्हा काढावी लागते. संगणकावर कृत्रिम गोंगाट तयार करता येतो, पण तो ज्याने तयार केला त्याच्या कल्पनेपलीकडे जात नाही. हवेतल्या गोंगाटात कोणी कल्पिले नसेल असे बरेच असते.

तरीही फाइल म्हणजे आकाश नव्हे, आणि हे भान सुटले तर ती दिशाभूल करते. नोंद घेताना जवळच्या मोबाइल टॉवरने रिसीव्हर दडपून गेला असेल, तर त्यातून जन्मलेल्या खोट्या लहरीही तितक्याच निष्ठेने फाइलमध्ये उतरतात. आठ बिटांच्या मापात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संकेतातील अंतर सुमारे 50 डेसिबल एवढेच मावते. हिंजवडीसारख्या गजबजलेल्या जागी बलवान संकेतासाठी संवेदनशीलता उतरवून ठेवली, तर क्षीण संकेत शून्यात विरतो आणि मागाहून कितीही वाढवला तरी परत येत नाही. शिवाय ज्या रेडिओ यंत्रणा समोरच्याचे उत्तर ऐकून आपले वागणे बदलतात, त्यांची पूर्ण परीक्षा फाइलवर होऊ शकत नाही, कारण नोंदलेली लहर कोणाचेही ऐकत नाही.

फाइल उलट्या दिशेनेही वापरता येते: साठवलेले आकडे प्रक्षेपक उपकरणात सोडले की तीच लहर पुन्हा हवेत जाते. तांत्रिकदृष्ट्या हे सोपे आहे, आणि म्हणूनच इथे कठोर सावधपणा हवा. भारतात प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, आणि परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या हौशी रेडिओचालकांनाही नेमून दिलेल्या पट्ट्यांपुरतीच मुभा असते. नोंदलेले उपग्रह-दिशादर्शनाचे संकेत पुन्हा हवेत सोडले, तर आसपासचे रिसीव्हर चुकीची जागा आणि चुकीची वेळ दाखवू लागतात, आणि त्यांवर विसंबलेल्या माणसांना इजा होऊ शकते. प्रयोग करायचाच असेल तर प्रक्षेपक आणि रिसीव्हर केबलने जोडून, मध्ये संकेत क्षीण करणारा अटेन्युएटर बसवून तो करता येतो, आणि शिकण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

विद्यार्थ्यांसाठी जुन्या नोंदींचे मोल अलीकडे आणखी वाढले आहे. नोआ-15, 18 आणि 19 या अमेरिकी हवामान उपग्रहांची 137 मेगाहर्ट्झच्या आसपास येणारी, सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने उतरणारी ढगांची चित्रे घरगुती अँटेनाने पकडणे, हा जगभर सॉफ्टवेअर रेडिओचा पहिला धडा होता. 2025 च्या जून ते ऑगस्ट या काळात तिन्ही उपग्रह निवृत्त झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला आणि 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने अवकाशात गेलेला स्वयम् हा किलोभर वजनाचा उपग्रह हौशी रेडिओच्या संदेशांसाठी होता. अशा खालच्या कक्षेतला उपग्रह एका फेरीत डोक्यावरून जास्तीत जास्त दहा-बारा मिनिटे जातो. ज्यांनी असे संकेत कच्च्या स्वरूपात, दर आणि मध्य लिहून साठवले आहेत, त्यांच्या फाइलवरून वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही तो धडा स्वतः गिरवता येतो. ज्यांनी केवळ तयार चित्र ठेवले, त्यांच्याकडे चित्रच आहे.

मुळशीतील एखाद्या महाविद्यालयाने ठरवले, तर दररोज एकाच जागेवरून, एकाच अँटेनाने, एकाच संवेदनशीलतेवर एफएमच्या त्याच पट्ट्याची एक मिनिटाची नोंद घेता येईल. दिवसाला 288 मेगाबाइट म्हणजे वर्षाला सुमारे 105 गिगाबाइट, जे कोणत्याही साध्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात मावते. सोबत वेळ, पाऊस, अँटेनाची दिशा आणि उपकरणातील प्रत्येक बदल लिहिलेला असला, तर पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील लहरींचे वहन, नव्या इमारतींनी वाढवलेला गोंगाट, वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचे दिवस असे अनेक प्रश्न त्या संग्रहावर, नोंद घेणाऱ्यांनी योजले नव्हते तेही, पुढच्या तुकड्यांना तपासता येतील.